काचेची भिंत आणि माणसांची सुरक्षितता

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आंबागड येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



ट्रस्टच्या नियोजित सभागृहाचा नकाशा मला पाहावयास मिळाला. पूर्वेकडे जमिनीपासून छतापर्यंत काचेची भिंत, दर्शनी भागी काचेचे दुहेरी दार आणि वरच्या सज्जाला काचेचा कठडा, अशी त्याची योजना आहे. नकाशा देखणा आहे, यात शंका नाही. परंतु त्यात ‘काच’ एवढाच शब्द लिहिला आहे. कोणती काच, हे लिहिलेले नाही. माझे आजचे बोलणे त्या न लिहिलेल्या शब्दाविषयी आहे.

आपल्या डोंगरावरचा किल्ला इ.स. १७०० च्या सुमारास उभा राहिला. त्या काळी इकडच्या घरांना उजेड हवा असेल तर त्याच्याबरोबर वारा, धूळ आणि पावसाची झडही पत्करावी लागे. महाराष्ट्रातील सामान्य घरात काच प्रथम शिरली ती बांगडी, आरसा आणि कंदिलाची चिमणी या रूपांनी. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना उभा राहिला, तेव्हा एकेक पैसा गोळा करून देशी काच करणे हे स्वदेशीचे व्रत मानले गेले. जाता जाता सांगतो, आपल्या तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघणाऱ्या मँगनीज डायऑक्साइडचाही काचेशी जुना संबंध आहे. वाळूतील लोहामुळे येणारी हिरवट झाक घालविण्यासाठी कारागीर तो वितळत्या काचेत टाकीत. म्हणून त्याला ‘काचेचा साबण’ हे नाव पडले.

चिमणी फुटली तर फार तर बोट कापे. आता मात्र काच माणसाच्या उंचीची झाली आहे, आणि तिचा सर्वांत मोठा गुण म्हणजे पारदर्शकता, तोच तिचा सर्वांत मोठा दोषही ठरला आहे. एका मंगल कार्यालयात, वरातीच्या गडबडीत, सहा-सात वर्षांचा मुलगा धावत आला आणि स्वच्छ पुसलेल्या बंद दारावर आदळला, हे मी स्वतः पाहिले. काच साधी होती. तिचा वरचा तुकडा सुरीसारखा खाली आला. मुलगा वाचला, हाताला टाके पडले. चार अंगुळे इकडे-तिकडे झाले असते तर काय झाले असते, याचा विचारही करवत नाही. तेथील व्यवस्थापकांनी दुसऱ्या दिवशी दार दुरुस्त केले, आणि पुन्हा साधीच काच बसविली!

साधी काच फुटताना लांब, धारदार पाती होतात. हा धोका टाळण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिली टफन्ड काच. ही सहाशे अंशांहून अधिक तापवून थंड हवेच्या झोतांनी एकदम निववितात. त्यामुळे पृष्ठभाग आतून दाबलेला राहतो आणि तिचे बळ साध्या काचेच्या सुमारे चार-पाच पट होते. फुटलीच तर खडीसाखरेएवढे बोथट दाणे होतात. मात्र एकदा कडक केल्यावर ती कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही; म्हणून माप, कुलूप आणि बिजागरीच्या जागा आधीच निश्चित कराव्या लागतात. मधोमध ठोसा सहन करणारी ही काच कडेला लागलेल्या लहानशा टोल्यानेही ढासळते, हे मिस्त्रीने विसरता कामा नये.

दुसरी लॅमिनेटेड काच. फ्रेंच रसायनज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांच्या हातून १९०३ मध्ये एक चंबू पडला. तो तडकला, पण आत वाळून राहिलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या पापुद्र्याने तुकडे धरून ठेवले. त्यातून ही कल्पना निघाली. आज दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा चिवट पापुद्रा दाबून बसवितात. मोटारीची पुढची काच याच प्रकारची असते. इंदूरला शेठ हुकुमचंदांनी बांधविलेले काच मंदिर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. भिंती, खांब, छत, सर्वत्र काच! तेथे काचेला पाठीमागून भिंतीचा आधार आहे, म्हणून एखादा तुकडा तडकला तरी तो जागीच राहू शकतो. आपल्या नियोजित भिंतीला असा पाठीराखा नाही.

यावरून निवड सोपी होते. दार, दाराशेजारचे पाखे आणि जमिनीपासून दीड मीटरपर्यंतची काच टफन्ड किंवा लॅमिनेटेडच हवी. सज्जाचा कठडा आणि डोक्यावरील काच यांना माझ्या मते लॅमिनेटेडखेरीज पर्याय नाही, कारण तेथे काच नुसती बोथट फुटून भागत नाही. ती खाली पडता कामा नये आणि टेकलेल्या माणसालाही पडू देता कामा नये. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १६२३१ या संहितेचा चौथा भाग माणूस काचेवर आदळण्याच्या धोक्यासंबंधीच आहे. वास्तुविशारदाने तो समोर ठेवूनच जाडी ठरवावी. काच आली की कोपऱ्यात आयएस २५५३ हे चिन्ह आहे का, ते पाहून मगच पावतीवर सही करावी.

आपल्या भागाची एक वेगळी अडचण आहे, ती म्हणजे मे महिन्याचे ऊन. एकाच काचेचा अर्धा भाग छज्जाच्या सावलीत आणि अर्धा उन्हात तापला, की साधी काच कोणी हात न लावताही कडेपासून तडकते. गडद फिल्म चिकटविली किंवा जाड पडदा अगदी टेकून लावला तर हा धोका वाढतो. चौकटीत रबराची पट्टी आणि फुगण्यास जागा ठेवावी. काच थेट लोखंडावर टेकवू नये.

आता आगीविषयी. मुंबईत अंधेरीच्या लोटस बिझनेस पार्क या काचेच्या दर्शनी आवरणाच्या उंच इमारतीला १८ जुलै २०१४ रोजी आग लागली. त्यात अग्निशमन दलाच्या एका जवानाचे प्राण गेले. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात १० नवजात बालके आपण गमावली, त्यांतील अनेक गुदमरून. तेथे दोष काचेचा होता असे मी म्हणत नाही. धूर किती लवकर जीव घेतो, हे आपल्या जिल्ह्याला कोणी सांगावयास नको. वातानुकूलनासाठी सर्व काच कायमची बंद ठेवण्याची जी सूचना आली आहे, तिला माझा स्पष्ट विरोध आहे. भिंतीच्या वरच्या भागात हाताने उघडणारी तावदाने हवीत. टफन्ड काच अग्निरोधक असते, हा समजही चुकीचा आहे. आग अडविणारी काच निराळी असते आणि तिची चौकटही निराळी असते.

खर्च वाढेल, हे खरे. तो परवडत नसेल तर भिंतीची उंची कमी करावी, खाली तीन फूट विटांचे बांधकाम घ्यावे. काचेचा दर्जा कमी करू नये. जुन्या धर्मशाळेच्या खिडक्या आज बदलता येणार नसतील, तर त्यांवर सुरक्षा फिल्म लावता येते. ती काचेचे बळ वाढवीत नाही, परंतु तुकडे धरून ठेवते.

दारावर मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर एक आणि मुलांच्या उंचीवर दुसरी, अशा दोन ठळक पट्ट्या आवश्यक आहेत. पूर्वेच्या भिंतीला मात्र पट्ट्या पुरणार नाहीत. समोरची झाडे तिच्यात प्रतिबिंबित होतील आणि जंगलाकडून येणारी पाखरे त्या खोट्या झाडीकडे झेपावतील. अमेरिकेत काचेवर आदळून दरवर्षी कोट्यवधी पक्षी मरतात, असे २०१४ च्या एका अभ्यासाचे अनुमान आहे. काचेच्या बाहेरील अंगास दोन-दोन इंचांवर ठिपके उमटविले की पक्ष्यांना अडथळा दिसतो. हे ठिपके कारखान्यातच, काच कडक करण्यापूर्वी भाजून घ्यावे लागतात. म्हणून त्यांचा निर्णय मागणी नोंदविण्याआधी व्हावा, आणि मागणी पुढील बैठकीत नोंदविली जाणार आहे.