सायकलवरचे मूल आणि तळवलीची वाट



तळवली हे ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचे, घणसोलीच्या शेजारचे जुने गाव. नव्या शहराच्या उभारणीसाठी १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावे त्या योजनेत आली. १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली. सभोवती आखीव वसाहती उभ्या राहिल्या, महामार्गापलीकडे कारखान्यांचा पट्टा पसरला. गावठाणातील गल्ल्या मात्र चालत्या माणसाच्या मापाच्याच राहिल्या. अशा गल्लीत मोटार अडते, सायकल अडत नाही.

म्हणूनच गावठाणातील बरेचसे ओझे सायकल वाहते. आणि येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दुधाचे कॅन नेण्यासाठी आकडे असतात, पाव नेण्यासाठी पेटी असते, गॅसची टाकी साखळीने किंवा पट्ट्याने आवळलेली असते. प्रत्येक मालाची काही ना काही सोय आहे. मूल मात्र उघड्या कॅरिअरवर बसविले जाते आणि त्याला एवढेच सांगितले जाते की, घट्ट धर. पाच-सहा वर्षांचे मूल सुमारे अठरा-वीस किलोंचे असते. ते झोपाळते, मागे वळून पाहते, पाय हलवते. टाकी यांपैकी काहीच करीत नाही.

सर्वांत अधिक हानी होते ती पायाची. कॅरिअरवर बसलेल्या लहान मुलाचे पाय लोंबकळतात आणि टाच फिरत्या चाकाच्या आऱ्यांत जाऊन सायकलच्या सांगाड्याशी चेंगरते. ही जखम फसवी असते. प्रथम ती खरचटल्यासारखी दिसते. परंतु चेंगरलेली कातडी पुढे काही दिवसांनी काळी पडते, आणि हाडही मोडलेले असू शकते. यास्तव जखम स्वच्छ पाण्याने धुऊन, स्वच्छ कापड बांधून मुलास त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले पाहिजे. हळद, चुना किंवा दंतमंजन लावून वाट पाहू नये. मागील चाकाच्या दोन्ही बाजूंस जाळी आणि पाय टेकण्यास पायदाण बसविणे हे कोणत्याही सायकल दुकानात होण्याजोगे काम आहे. पाठीस टेकू आणि कमरेस पट्टा असलेली बैठक मिळाली तर फारच उत्तम. दुसरा नेहमीचा अपघात सायकल उभी असतानाच होतो: सायकल स्टँडवर, मूल वर, आणि आई किंवा वडील दुकानात. सायकल कलते आणि मूल डोक्यावर पडते.

एके काळी शहरांतून सायकलवर ‘डबलसीट’ बसविल्यास पोलीस दंड करीत. दिवा नसला तरी करीत. त्या धाकाच्या आठवणी जुन्या मंडळींत विनोदाने सांगितल्या जातात. मोटारसायकलीच्या बाबतीत केंद्र शासनाने २०२२ साली नियम केला. त्यानुसार नऊ महिन्यांहून मोठ्या आणि चार वर्षांखालील मुलास चालकाशी जोडणारा पट्टा व शिरस्त्राण आवश्यक असून वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा. पायडलची सायकल मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतच येत नाही. तेव्हा तेथे ही काळजी पालकांनी आणि शाळेने आपण होऊन घ्यावयाची आहे.

परदेशात या प्रश्नाचे उत्तर मालवाहू सायकलीतूनच निघाले. डेन्मार्कमध्ये कोपनहेगन शहरातील ख्रिस्तिॲनिया वसाहतीत १९८४ साली पुढे पेटी असलेली तीनचाकी सायकल तयार झाली. माल वाहणाऱ्या त्या पेटीत पुढे मुलांसाठी बाक आणि पट्टे आले. मुलाचे वजन खाली, दोन चाकांच्या मध्ये राहते. पाय पेटीच्या आत. आणि मूल चालविणाऱ्याच्या डोळ्यांपुढे. दोन मुले आणि बाजाराची पिशवी एका खेपेत नेणाऱ्या आईस ही शेवटची सोय किती मोलाची आहे हे सांगावयास नको. अशी गाडी सुमारे तीन फूट रुंद असते. हातगाडी जाते त्या गल्लीतून तीही जाईल.

मात्र आपल्याकडील मालाची तीनचाकी घेऊन तीवर फळी टाकणे हा याचा पर्याय नव्हे. तिच्या कडा उघड्या असतात, ब्रेक अनेकदा नावापुरते असतात, आणि पावसात भिजलेल्या रिमवर ते आणखी कमी लागतात. ठाणे जिल्ह्यात तर चार महिने पाऊस. शिवाय तीनचाकी दुचाकीप्रमाणे वळणावर कलत नाही. वेग कमी न करता वळविल्यास आतील चाक उचलले जाते. रिकामी गाडी चालविण्याचा सराव झाल्याशिवाय तीत मूल बसवू नये.

आता उरला रस्ता. २०१८ साली घणसोली-तळवली उड्डाणपूल खुला झाला. थेट जाणाऱ्या वाहनांना वरून वाट मिळाली; पण गावातून रस्त्यापलीकडे जाणाऱ्यास खालचा नाका ओलांडावाच लागतो, आणि तेथे वळणाऱ्या ट्रकचालकाला बुटकी सायकल दिसतेच असे नाही. तिच्या पेटीवर उंच काठीला लावलेले तांबडे निशाण व मागे परावर्तक पट्टी हवी. महामार्गालगतच्या इतर गावांतील पंचायतींनाही हे लागू आहे. शाळेच्या दाराशी अशा तीन-चार गाड्या उभ्या राहतील एवढी जागा मोटारसायकलींपासून मोकळी ठेवावी, आणि ती कुंपणाच्या आत असावी, म्हणजे मूल उतरेल ते रस्त्यावर नव्हे, शाळेच्या अंगणात.