उधारीची तीन वर्षे

(गणेशोत्सवानिमित्त कोहिनूर येथे व्यापारी बंधूंसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरतीनंतर लोक थांबतात ते प्रसादासाठी, वकिलासाठी नाही, हे मला ठाऊक आहे. तरी कार्यकर्त्यांनी आग्रह केला की यंदा कीर्तनाऐवजी एक संध्याकाळ उधारीवर बोला. गणपतीपुढे उधारीच्या गोष्टी कशाला, असे एका आजोबांनी मघाशी विचारलेच. त्यांना मी एवढेच सांगितले की हा उत्सव ज्यांनी गावोगाव पोचवला, त्या लोकमान्य टिळकांनी पुण्यात कायद्याचे वर्ग चालवले होते आणि दोन भागीदारांबरोबर इथून जवळच, लातूरला, कापसाचा जिनिंग कारखानाही काढला होता. कायदा आणि धंदा दोन्ही त्यांच्या ओळखीचे होते.

आता मुद्द्यावर येतो. माझ्याकडे आलेल्या एका दुकानदाराची गोष्ट सांगतो. नाव, गाव सांगत नाही. खत-बियाण्याचे दुकान. २०१३ च्या खरिपात त्याने आपल्या सोयऱ्याला डीएपी, युरिया, सोयाबीनचे बियाणे असा माल दिला. बाकी राहिली एक लाख शहाऐंशी हजार. सोयरा नाही म्हणत नव्हता. दर दिवाळीला यायचा, चहा प्यायचा, पाचशे-हजार टेकवायचा. दुकानदार आपल्या हाताने वहीत जमा लिहायचा. मुलीच्या लग्नात वाकडे आले आणि २०१८ साली हा माझ्याकडे वही घेऊन आला. वही सुंदर होती. अक्षर मोत्यासारखे. एकाही पानावर सोयऱ्याची सही नव्हती. मला त्याला सांगावे लागले की दादा, हे पैसे कोर्टातून मिळणार नाहीत. तो माणूस रडला नाही, पण वही मिटायला त्याला बराच वेळ लागला.

चूक कुठे झाली? मुदतीच्या कायद्याप्रमाणे विकलेल्या मालाच्या पैशाचा दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. उधारीची मुदत ठरलेली नसेल तर माल दिल्या तारखेपासून तीन वर्षे. दोन महिन्यांची उधारी ठरली असेल तर ते दोन महिने संपल्यापासून. आपल्याकडे सर्रास समज आहे की खाते चालू आहे म्हणजे मुदतही चालू आहे. तसे नाही. गिऱ्हाईक फक्त घेतो आणि तुम्ही फक्त देता, तेव्हा प्रत्येक मालाची तीन वर्षे वेगळी मोजली जातात. दोन्हीकडून देणेघेणे असेल, म्हणजे शेतकरी तुमच्याकडून खत नेतो आणि त्याची तूर तुमच्याच आडतीवर घालतो, कधी तुमचे निघते तर कधी त्याचे, अशा परस्पर खात्याला वेगळा नियम आहे. तिथे शेवटची मान्य नोंद ज्या वर्षात पडली ते वर्ष संपल्यापासून तीन वर्षे मिळतात. तुमचे खाते यातले कोणते, हे आज घरी जाऊन बघा.

मग ते दिवाळीचे पाचशे रुपये? थोडी रक्कम भरली की मुदत नव्याने सुरू होते, हे खरे. पण भरणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीने ती भरणा लिहिलेली हवी. तुमच्या हातची जमा तुमच्याच कामाची नाही. त्या सोयऱ्याने पाच दिवाळ्यांपैकी एका वेळेवरच्या दिवाळीला जमेपुढे सही केली असती, तर गोष्ट वेगळी झाली असती. चेकने भरले तर चेकवर त्याची सही असतेच. फोनवरून पैसे टाकले, तर पुढच्या वेळी दुकानात आल्यावर त्या नोंदीपुढे सही घ्या.

म्हणून माझे सांगणे एवढेच की दरवर्षी, दिवाळीत वहीपूजन करता त्याच आठवड्यात, प्रत्येक बाकीदाराकडून एक चिठ्ठी घ्या. मजकूर असा: ‘आज अमुक तारखेला खाते तपासले. माझ्याकडे अमुक रुपये बाकी निघते, ती मला मान्य आहे.’ रक्कम अंकी आणि अक्षरी. खाली रेव्हेन्यू स्टॅम्प, त्यावर सही, तारीख. एवढेच. त्यात व्याजाची, हप्त्यांची वाक्ये घुसडू नका. मग तो करार होतो आणि त्याला वेगळा स्टॅम्प लागतो. ही चिठ्ठी तीन वर्षे उलटण्याआधी घ्यायची असते. मुदत उलटल्यावर नुसती ‘बाकी मान्य’ ही कबुली चालत नाही. तेव्हा ‘मी ही रक्कम देईन’ असे नवे लेखी वचन सहीनिशी लागते, आणि एवढे उशिरा ते कोण लिहून देतो?

लोक म्हणतात, वकीलसाहेब, सही मागितली तर माणूस दुखावतो. बँकेत आपण वीस सह्या करतो, तेव्हा कोणी दुखावत नाही. सगळ्यांकडूनच मागितली की कोणाला वेगळे वाटत नाही. पहिली सही आपल्या सख्ख्या भावाकडून घ्या, म्हणजे बाकीच्यांना बोलायला जागा राहत नाही.

वहीबद्दल एक. नियमित ठेवलेली वही पुरावा म्हणून चालते, पण केवळ वहीच्या जोरावर कोणावर देणे लादता येत नाही, असा पुराव्याच्या कायद्याचा जुना नियम आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी हा नियम तसाच आहे. वहीच्या जोडीला बिल, माल पोचल्याची सही, ट्रकची पावती असे काहीतरी लागते. आणि आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. आपल्या आजोबांच्या वेळी, निजामाच्या राज्यात, वही मोडीत आणि कोर्ट उर्दूत. १९५६ साली बीदर जिल्हा फुटला, उदगीर, निलंगा तिकडे गेले, आपण इकडे आलो. आता वही मराठीत आणि कोर्ट कन्नडात. मराठी कागद चालत नाही असे मुळीच नाही, पण त्याचे भाषांतर जोडावे लागते. दावा लागल्यावर शंभर पानांचे भाषांतर करत बसण्यापेक्षा बिलबुकच कन्नड किंवा इंग्रजीत छापून घ्या. भाषेच्या अभिमानाच्या आड हे येत नाही. अभिमानासाठी आपला गणपती आहे.

बिलबुक छापताना दोन ओळी विसरू नका. उशीर झाल्यास व्याज किती, ही एक. आणि वाद झाल्यास बसवकल्याण कोर्टात चालेल, ही दुसरी. नुसते छापल्याने ज्या कोर्टाला मुळात अधिकार नाही त्याला तो मिळत नाही. पण माल इथून गेला, पैसे इथे द्यायचे होते, म्हणजे अधिकार आहे, तिथे ही ओळ उमरग्याच्या किंवा सोलापूरच्या व्यापाऱ्याला तुमच्या दारात आणते.

आता चेक. सीमेवरच्या माणसाने चेकचा कायदा नीट समजून घ्यावा, कारण त्यात त्याचा फायदा आहे. २०१४ साली ‘दशरथ रूपसिंह राठोड विरुद्ध महाराष्ट्र शासन’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की चेक देणाऱ्याची बँक जिथे, तिथेच फिर्याद करायची. देशभरातल्या हजारो फिर्यादी या कोर्टातून त्या कोर्टात गेल्या. कोहिनूरच्या माणसाने पुण्याच्या पार्टीचा चेक घेतला असेल तर पुण्याला खेटे. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, संसदेने कायदा बदलला. आता तुम्ही चेक आपल्या खात्यात भरला तर तुमचे खाते ज्या शाखेत आहे, तिथल्या कोर्टात फिर्याद होते. पुण्याचा माणूस इकडे येईल. मात्र आपल्यातल्या कित्येकांनी सोयीसाठी खाते उमरग्याला किंवा मुरूमला ठेवलेले असते. मग फिर्यादही तिकडेच जाणार, हे लक्षात ठेवून धंद्याचे खाते कुठे ठेवायचे ते ठरवा.

तारखा सांगतो. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत भरा. समजा तो परत आल्याचे तुम्हाला १० सप्टेंबरला कळले. तिथून तीस दिवसांत, म्हणजे १० ऑक्टोबरपर्यंत, नोटीस गेली पाहिजे. नोटीस त्याला १५ ऑक्टोबरला मिळाली, तर त्याला पंधरा दिवस, ३० ऑक्टोबरपर्यंत. तोवर पैसे आले नाहीत की पुढचा एक महिना तुमचा. त्यात फिर्याद दाखल करा, आणि महिन्याच्या शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. नोटिशीत चेकची रक्कम नेमकी लिहा, रुपया कमी नको, जास्त नको. चेक दिल्यानंतर समोरच्याने थोडे पैसे दिले असतील तर ते चेकवर नोंदवून मगच चेक भरा, नाहीतर राहिलेल्या रकमेसाठी चेकची फिर्याद करण्याचा हक्क घालवाल. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कोरे चेक आणि कोऱ्या स्टॅम्पपेपरवरच्या सह्या यांवर मात्र मी आज हात जोडून बोलणार आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले, तेव्हा त्यांनी धान्य-दागिन्यांपेक्षा कर्जरोखे शोधून जाळले. कागदावर काय लिहिले आहे ते सही करणाऱ्याला माहीत नव्हते, राग त्याचा होता. चार वर्षांनी दख्खन शेतकरी कायदा झाला आणि रोख्यामागचा खरा व्यवहार तपासायचा अधिकार कोर्टांना मिळाला. म्हणून रक्कम भरूनच सही घ्या, आणि त्याची प्रत त्याला द्या. उद्या तो साक्षीच्या पिंजऱ्यात ‘कोऱ्यावर सही घेतली’ म्हणाला तर तुमच्याजवळ उत्तर पाहिजे. तसेच वसुलीला चार पोरे पाठवणे, बाजारच्या दिवशी दुकानासमोर तमाशा करणे, हे बंद करा. उधारी दिवाणी राहते आणि गुन्हा तुमच्यावर दाखल होतो. पोलीस ठाण्यातही पैसे वसूल होत नाहीत. ते त्यांचे काम नाही.

ज्यांची डाळमिल आहे, तेलघाणा आहे, गुऱ्हाळ आहे, त्यांच्यासाठी २००६ चा सूक्ष्म-लघु उद्योगांचा कायदा आहे. उद्यम नोंदणी आधीच करून ठेवा. करार लेखी असला तरी खरेदीदाराने पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. खरेदीदार नागपूरचा असो की सुरतचा, अर्ज तुम्ही आपल्या राज्यातल्या परिषदेकडे करायचा. नुसता माल आणून विकणाऱ्या व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या कर्जापुरती. हा पंचेचाळीस दिवसांचा हक्क त्यांना नाही. खरेदीदार जीएसटीवाला असेल तर आणखी एक आठवण त्याला करून द्या: १८० दिवसांत बिल चुकवले नाही तर त्याने घेतलेले इनपुट क्रेडिट त्याला व्याजासह परत करावे लागते. हे त्याच्या सीएला कळले की पुष्कळदा पैसे आपोआप येतात.

भागीदारीत धंदा करणाऱ्यांनी फर्म नोंदवलेली आहे का ते तपासा. नोंदणी नसलेल्या फर्मला आपल्या गिऱ्हाइकावर करारातल्या पैशाचा दावाच लावता येत नाही. दोन भाऊ, तोंडी भागीदारी, हे आपल्याकडे घरोघरी आहे.

दाव्याआधी तालुक्याच्या कायदेविषयक सेवा समितीकडे जा. लोकअदालतीत तडजोड झाली की तो हुकूमनामा होतो, त्यावर अपील नाही, आणि चालू दाव्यातली कोर्ट फी परत मिळते. तीन लाख किंवा त्यावरचा व्यापारी वाद असेल, आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थीला जाणे सक्तीचेच आहे. मी अशा तडजोडीत दहातले दोन-तीन रुपये सोडा म्हणतो. पक्षकार माझ्यावर रागावतात. पण डिक्री मिळाली म्हणजे पैसे मिळाले असे नाही. शेतकऱ्याचे राहते घर, औते, बैल, बियाणे यांवर जप्ती येत नाही, आणि यायलाही नको. देणेकऱ्याची मालमत्ता निलंग्याला असेल तर डिक्री तिथल्या कोर्टाकडे पाठवावी लागते. वसुलीला बारा वर्षांची मुदत आहे. लोक ती पुरवतात.

आणि उद्या तुम्हालाच नोटीस आली तर? पोस्टमनला परत पाठवू नका. ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडला की कायद्याने ती तुम्हाला मिळालीच. घ्या, तारीख लिहून ठेवा आणि पंधरा दिवसांत उत्तर द्या किंवा पैसे द्या.

बोलणे संपल्यावर मागे बसलेल्या एका ताईंनी प्रश्न विचारला, तो इथे देतो. त्यांचे किराणा दुकान आहे. त्या म्हणाल्या, ‘उधारी नेणारे काका गेल्या वर्षी वारले. मुलगा म्हणतो, वडिलांचे देणे वडिलांबरोबर गेले. खरे का?’

खरे नाही. वडिलांची जी मालमत्ता मुलाच्या हाती आली, तेवढ्यापुरते देणे त्याच्यावर येते. काहीच आले नसेल तर त्याच्या स्वतःच्या कमाईवर हात टाकता येत नाही. ताईंना मी विचारले, शेवटचा माल कधी नेला? म्हणाल्या, दोन वर्षे आणि आठ महिने झाले. मी म्हटले, मग प्रसाद घ्या आणि सोमवारी वही घेऊन या.