मोजदाद आणि नाते



आजच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी एक उपेक्षित जीव निवडला आहे. घराच्या छताच्या कोपऱ्यात लांब पायांवर थरथरताना आपण ज्याला पाहतो, तो बहुधा खरा कोळीच असतो. ऑपिलिओनीज गणातील प्राणी मात्र कोळी नव्हेत. त्यांना कंबर नाही, रेशीम नाही, विषही नाही. पायांची दुसरी जोडी चालण्यापेक्षा चाचपण्याच्या कामी येते. कोळी भक्ष्याचा रस शोषतो. हे त्याचे तुकडे करून खातात. युरोपात सुगीच्या दिवसांत दिसतात म्हणून इंग्रजांनी त्यांना कापणी करणाऱ्यांचे नाव दिले. लॅटिन ‘ऑपिलिओ’ म्हणजे मेंढपाळ. सह्याद्रीच्या ओलसर रानांतही ते आहेत, पण बोलण्यात कोळ्यांतच जमा होतात.

जगात त्यांच्या साडेसहा हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. उष्ण प्रदेशांत विपुल असलेल्या लॅनिएटोरीज या एकाच उपगणात चार हजारांवर जाती येतात.

यांपैकी दोन हजारांहून अधिक जातींचे वर्णन एकट्या जर्मन संशोधक कार्ल फ्रीडरिश र्‍योव्हर यांनी केले. १९२३ साली त्यांनी जगभरच्या ऑपिलिओनीजवर बृहद्ग्रंथ सिद्ध केला. त्यांची पद्धत मोजदादीची होती : पायाच्या टोकाकडील भागाचे खंड किती, पाठीवर काटे कोठे आणि किती. आकडा बदलला की प्रजाती बदलली! या पद्धतीची थट्टा करणे आज सोपे आहे. मला ते उचित वाटत नाही. संग्रहालयांत साचलेल्या बरण्यांना कोणीतरी पहिली शिस्त लावणे अवश्यच होते. परंतु काही जातींत एकाच प्राण्याच्या डाव्या-उजव्या पायांचे खंडही सारखे भरत नाहीत. साहजिकच एकेका जातीच्या पुष्कळ प्रजाती कागदावर निर्माण झाल्या आणि खरी भावंडे दूरच्या कुळांत विखुरली.

पुढे शिल्हावी, मार्टेन्स आदी अभ्यासकांनी नरांच्या जननेंद्रियांची सूक्ष्म रचना प्रमाण मानली. त्यानंतर डीएनएची साक्ष आली. पाचोळ्यात राहणारे पेटॅलिडी कुळ घ्या. आकाराने काही मिलिमीटरांचे हे जीव समुद्र ओलांडणे शक्य नाही. तरी ते चिली, दक्षिण आफ्रिका, मादागास्कर, श्रीलंका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे आढळतात. गोंडवन भूमी दुभंगली तेव्हा तिच्या तुकड्यांबरोबर हे कुळही वाटले गेले.

हा केवळ विद्वानांचा वाद नव्हे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ऑस्टिन शहराजवळच्या गुहांत टेक्सेला प्रजातीचे फिकट रंगाचे ऑपिलिओनीज राहतात. १९८८ मध्ये त्यांतील टेक्सेला रेडेली या जातीला कायद्याचे संरक्षण मिळाले. १९९२ मध्ये उबिक व ब्रिग्ज यांनी प्रजातीची फेरतपासणी केली, तेव्हा त्या एका नावाखाली दोन जाती असल्याचे दिसून आले. दुसरीला टेक्सेला रेयेसी हे नाव मिळाले. शहर वाढत होते, गुहांवरची जमीन बांधकामासाठी मागितली जात होती, आणि संरक्षण होते ते नावाला. १९९३ मध्ये सरकारने रेयेसीची स्वतंत्र संकटग्रस्त जाती म्हणून नोंद केली.