आधी विद्यार्थी, मग धडा



किसा गौतमी मेलेले मूल घेऊन औषध मागत आली. भगवान बुद्धांनी तिला आधी उपदेश केला नाही. जिथे कुणी मेले नाही अशा घरची मोहरी आणायला सांगितले. दारोदार फिरून ती स्वतः शिकली. बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरदारांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. आधी विद्यार्थी पाहिला, मग वर्ग आखला.

आपल्या मुरूडच्या अभ्यासवर्गात मी व्याजाचे सूत्र फळ्यावर लिहिले. मुलांनी पाठ केले, पण गणित सुटेना. होडीच्या कर्जाचे व्याज त्यांनाच मांडायला लावले, तेव्हा सुटले. चूक माझी होती. म्हणून किती शिकवले ते मोजू नका. मुलाला काय करता आले ते पाहा.

नमो बुद्धाय! जयभीम!