शिरांवरील उपचार आणि पुराव्याची खातरजमा

मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतूंचे आवरण शरीराचीच प्रतिकारशक्ती झिजवीत असता जी व्याधी जडते, त्या मल्टिपल स्क्लेरोसिसचे मूळ मानेतील व छातीतील शिरांच्या आकुंचनात असावे, असा सिद्धांत इटलीतील फेरारा येथील शल्यविशारद पाओलो झांबोनी यांनी २००९च्या सुमारास मांडला. आणि शिरेत फुगा घालून ती रुंदावून घेण्यासाठी हजारो रुग्ण देशोदेशी, अगदी भारतातही, गेले. त्यांना दोष देववत नाही; हातापायांतले बळ ओसरताना माणूस आशेला नकार कसा देणार? परंतु या व्याधीची लक्षणे कित्येकदा आपोआप ओसरतात, म्हणून उपचारानंतरचा आराम हा त्या उपचाराचा दाखला ठरत नाही. कॅनडात १०४ रुग्णांपैकी काहींवर खरा, तर काहींवर केवळ दिखाऊ उपचार झाला. वर्षअखेरीस दोहोंत फरक आढळला नाही. खुद्द झांबोनींच्या चाचणीचाही निष्कर्ष तोच निघाला, आणि तो त्यांनी प्रसिद्ध केला, हे त्यांच्या सचोटीचे लक्षण होय. उलट रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात, शीर उघडी ठेवण्यासाठी बसवलेली पण जागा सोडून सरकलेली स्टेंट नावाची जाळीदार नळी आणि मृत्यू यांविषयी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्येच इशारा दिला होता.

तेव्हा छत्रपती संभाजीनगरात वा मराठवाड्यात कोणी प्रायोगिक उपचार सुचविल्यास भारतीय चिकित्सालयीन चाचणी नोंदवहीतील क्रमांक, नीतिसमितीची मंजुरी आणि नुकसानभरपाईची लेखी तजवीज अवश्य मागा. आणि चालू औषधे मेंदूविकारतज्ज्ञांच्या सल्ल्यावाचून थांबवू नका.