मोझांबिक : स्वातंत्र्य आणि राज्ययंत्र

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मसुदा)



मराठीच्या प्राध्यापकाने शताब्दीच्या व्यासपीठावरून आफ्रिकेतील एका देशाविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. संतसाहित्य किंवा नाट्यपरंपरा हा माझ्या हातखंड्याचा विषय झाला असता. परंतु आजच्या विषयाचे मूळ मला आपल्या सत्तरी तालुक्यातच सापडले, आणि ते सापडल्यावर गप्प बसणे जमेना.

१८९५ साली गोव्यातील पोर्तुगीज फौजेतल्या मराठा शिपायांना मोझांबिकला जाण्याचा हुकूम झाला. तेथील उठाव मोडण्यासाठी पोर्तुगालला माणसे हवी होती. दूरदेशी जाण्याच्या अटी शिपायांना मान्य नव्हत्या. त्यांनी हुकूम मोडला, शस्त्रांनिशी ते सत्तरीत नाणूसच्या किल्ल्याकडे गेले आणि दादा राणे त्यांना जाऊन मिळाले. आपण ज्याला राण्यांचे बंड म्हणतो, त्यातील एका मोठ्या पर्वाची ठिणगी अशी मोझांबिकच्या हुकमातून पडली. ते शमविण्यासाठी पोर्तुगालहून राजपुत्र आफोंसु सैन्य घेऊन आला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मोझांबिकच्या दक्षिणेकडील गाझा राज्याचा राजा गुंगुन्याना पोर्तुगीजांच्या हाती सापडला. त्याला अटलांटिकमधील अझोर्स बेटांवर नेण्यात आले आणि तेथेच १९०६ साली तो वारला.

आपल्या शिपायांनी आफ्रिकेतील बांधवांविषयी कणव वाटून नकार दिला, असे मी म्हणणार नाही. इतिहासात नसलेले औदार्य आपल्या पूर्वजांच्या पदरी बांधणे योग्य नव्हे. पण एकाच धन्याने एका गुलामाला दुसऱ्यावर धाडावे, हा राज्यकारभाराचा जुना प्रकार त्या हुकमात उघडा पडला. १९५० च्या दशकात हीच गोष्ट उलट दिशेने घडली. गोव्यातील स्वातंत्र्याची चळवळ दडपण्यासाठी आणलेल्या फौजेत आफ्रिकेतील काळे शिपाईही होते. आपल्या वाडवडिलांनी त्यांचे भय बाळगले आणि त्यांना हेटाळणीची नावेही दिली. ते स्वतः कोणत्या देशाचे कैदी आहेत, हा विचार फारसा कोणी केला नाही.

हा संबंध तसा फार जुना आहे. वास्को द गामा १४९८ साली भारताकडे येताना मोझांबिक बेटावर थांबला होता. पुढे सोफाळा आणि मोझांबिक बेट येथे पोर्तुगीजांनी ठाणी वसविली. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातील व्हाइसरॉयच्या हाताखाली चालत असे. म्हणजे दोन शतकांहून अधिक काळ त्या किनाऱ्याची राजधानी मांडवीच्या काठी होती. झांबेझीच्या खोऱ्यात ‘प्राझु’ नावाच्या प्रचंड जमीनजागिरी दिल्या जात. त्यांचे धारक आपल्या मुलखात जवळजवळ राजेच असत, आणि त्यांत गोव्याहून गेलेली माणसेही होती. १८४२ साली गोव्यात वैद्यकीय विद्यालय निघाल्यावर तेथून शिकलेले डॉक्टर मोठ्या संख्येने आफ्रिकेतील वसाहतींत गेले. कारकून, न्यायखात्यातील अधिकारी, धर्मोपदेशक गेले, तसे दीवचे व्यापारीही गेले.

येथे एक अप्रिय गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. सालाझारच्या राजवटीत १९३० चा ‘आक्तु कोलोनियाल’ हा वसाहतींचा कायदा आला. गोवा आणि मोझांबिक दोघांनाही त्याने एकाच पायरीवर उभे केले. त्या कायद्याविरुद्ध आपल्याकडे उठलेला आवाज आपल्याला ठाऊक आहे. पण ‘इंदिजिनातु’ नावाची दुसरी एक व्यवस्था होती. ती अंगोला, मोझांबिक व गिनी येथील आफ्रिकन जनतेला लागू होती, गोमंतकीयांना नव्हती. तिच्यानुसार आफ्रिकन माणूस नागरिक नसून ‘देशी’ होता. पोर्तुगीज भाषा, पोशाख, धर्म व राहणी यांची परीक्षा देऊन ‘आसिमिलादु’ ठरलेल्या मूठभरांनाच नागरिकत्व मिळे. उरलेल्यांच्या वाट्याला ‘शिबालु’, म्हणजे सक्तीची मजुरी, येई. १९३८ पासून उत्तरेकडील शेतकऱ्यांवर कापसाच्या लागवडीची सक्ती झाली. धान्याच्या जमिनीत कापूस पेरावा लागे, आणि तो ठरलेल्या कंपनीला ठरलेल्या भावाने विकावा लागे. हा सक्तीचा कारभार १९६१ पर्यंत कायद्याने चालू होता. आपण गोमंतकीय त्या साम्राज्यात पीडित होतो, हे खरे. पण मोझांबिकमध्ये आपल्यापैकी अनेकजण पीडणाऱ्या यंत्राच्या मधल्या पायरीवर बसले होते, हेही तितकेच खरे.

त्या यंत्राची रचना कशी होती? देशाचा फार मोठा भाग १८९१ नंतर खाजगी सनदी कंपन्यांना दिला गेला. मोझांबिक कंपनीकडे १९४२ पर्यंत, तर नियासा कंपनीकडे १९२९ पर्यंत स्वतःचे पोलीस आणि स्वतःची करवसुली होती. दक्षिणेतील तरुण दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत कंत्राटाने पाठविले जात. त्या मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला शुल्क आणि लॉरेंसु मार्किश बंदराला मालवाहतूक मिळे. लोकांना शिकविण्याची गरज अशा राज्याला नव्हती. १९७५ साली पोर्तुगाल निघून गेला, तेव्हा सुमारे ९३ टक्के लोक निरक्षर होते.

१६ जून १९६० रोजी उत्तरेतील मुएडा येथे जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. आपल्याकडे दिवाळी झाली; तिकडे मात्र मोझांबिकमधील हजारो भारतीयांना छावण्यांत डांबण्यात आले, त्यांची मालमत्ता गोठविली गेली आणि पुढे अनेकांना देश सोडावा लागला. आपल्या मुक्तीची किंमत समुद्रापलीकडे कोणी मोजली, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते.

१९६२ साली दार-ए-सलामला ‘फ्रेलिमो’ ही मुक्तिसंघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष एदुआर्दो मोंडलेन हे समाजशास्त्रज्ञ होते. १९६४ मध्ये सशस्त्र लढा सुरू झाला. १९६९ मध्ये टपालाने आलेल्या बॉम्बने मोंडलेन यांचा बळी घेतला. त्यांच्यानंतर समोरा माशेल पुढे आले. हे मूळचे रुग्णालयातील परिचारक. २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमधील हुकूमशाही कोसळली, सप्टेंबरात लुसाका येथे करार झाला आणि २५ जून १९७५ रोजी मोझांबिक स्वतंत्र झाला.

या लढ्यात एक नाव आपले आहे. आकिनो द ब्रागांसा यांचा जन्म १९२४ साली बार्देशात झाला. पोर्तुगीज वसाहतींतील मुक्तिसंघटनांना १९६१ मध्ये कासाब्लांका येथे एकत्र आणणाऱ्या परिषदेच्या संस्थापकांत ते होते. अल्जीयर्समध्ये त्यांनी पत्रकारिता केली. स्वातंत्र्यानंतर मापुतोच्या एदुआर्दो मोंडलेन विद्यापीठातील आफ्रिकन अभ्यास केंद्राचे ते संचालक झाले. १९८२ साली त्यांच्या केंद्रात बॉम्बचे पाकीट फुटले. त्यात रूथ फर्स्ट या त्यांच्या सहकारी विदुषीचा मृत्यू झाला आणि ते स्वतः जखमी झाले. १९ ऑक्टोबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष माशेल यांचे विमान दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत म्बुझिनी येथे कोसळले. त्या विमानात आकिनोही होते. मधल्या पायरीवरून खाली उतरून गुलामाच्या बाजूला उभे राहता येते, हे या बार्देशकराने दाखविले. त्यांचे नाव आमच्या महाविद्यालयात विचारले, तर वर्गात एकही हात वर होत नाही. दोष विद्यार्थ्यांचा नाही, आमचा शिक्षकांचा आहे.

आता स्वतंत्र राज्याकडे वळू. सुमारे आठ लाख चौरस किलोमीटरचा हा देश. पोर्तुगीज वसाहतवाले लाखोंनी निघून गेले आणि जाताना अनेकांनी यंत्रे, वाहनेही मोडून टाकली. डॉक्टर मूठभर उरले. १९७५ च्या घटनेने एकाच पक्षाच्या हाती राज्य दिले. शाळा आणि दवाखाने राष्ट्राच्या मालकीचे झाले. १९७८ मध्ये देशव्यापी साक्षरता मोहीम निघाली. १९८० च्या जनगणनेत निरक्षरता बहात्तर टक्क्यांच्या आसपास आली होती. पाच वर्षांतील हे काम लहान नव्हे.

परंतु त्याच राज्याने शेतकऱ्यांना सामुदायिक गावांत हलविले, परंपरागत गावप्रमुखांना बाजूस सारले, धर्मसंस्थांवर निर्बंध घातले. विरोधकांना ‘पुनर्शिक्षणा’च्या छावण्यांत पाठविले, उरिया सिमांगो यांच्यासारख्या जुन्या नेत्यांना खुल्या न्यायालयापुढे न आणता ठार केले. १९८३ मध्ये शहरांतील बेकार ठरविलेल्या माणसांना पकडून दूर उत्तरेला धाडण्यात आले. सक्तीच्या मजुरीविरुद्ध लढलेल्या पक्षाने आपल्याच नागरिकांना ट्रकांत भरावे, याहून दुःखाची गोष्ट कोणती? या चुकांचा फायदा ‘रेनामो’ या सशस्त्र संघटनेने घेतला. तिला आधी ऱ्होडेशियाच्या गुप्तचरांनी आणि १९८० नंतर दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने पोसले होते. १९७७ ते १९९२ या यादवीत, उपासमार धरून, सुमारे दहा लाख माणसे दगावली. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी रोम येथे शांतता करार झाला. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत तेथे भारतीय जवानही होते.

१९९० च्या नव्या घटनेने बहुपक्षीय पद्धत आधीच स्वीकारली होती. १९९४ च्या पहिल्या निवडणुकीत फ्रेलिमोला १२९ आणि रेनामोला ११२ जागा मिळाल्या. जंगलातून आलेले बंडखोर संसदेत बसले. राष्ट्राध्यक्ष जोआकिम शिसानो यांनी पुढे आणखी एकदा उभे राहण्याचा मोह टाळला आणि २००५ साली ते पायउतार झाले. आफ्रिकेत त्या वेळी मोझांबिकचे नाव आदराने घेतले जाई.

मग गाडे कोठे अडले? माझे मत मी नम्रपणे मांडतो. राज्यकर्ते बदलले, पण राज्ययंत्राचा साचा गव्हर्नर-जनरलचाच राहिला. सध्याच्या पद्धतीत राष्ट्राध्यक्ष थेट लोकांकडून पाच वर्षांसाठी निवडला जातो. २५० सदस्यांचे एकसदनी संसद-गृह आहे, पंतप्रधानही आहे. पण त्याची नेमणूक राष्ट्राध्यक्षच करतो आणि खरी सत्ता राष्ट्राध्यक्षाकडेच असते. २०१९ पासून प्रांतांचे गव्हर्नर निवडणुकीतून येऊ लागले, हे मोठे पाऊल होते. पण त्याच वेळी प्रत्येक प्रांतात राष्ट्राध्यक्षाने नेमलेला एक राज्य-सचिव बसविण्यात आला. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने कसे राखून ठेवावे, याचा हा नमुना आहे. १९७५ पासून आजपर्यंत सत्तेवर एकच पक्ष आहे.

सत्तेला प्रश्न विचारणारा नसला की काय होते, तेही दिसले. २०१३-१४ मध्ये सुमारे दोनशे कोटी डॉलरची कर्जे संसदेला न विचारता काढली गेली. २०१६ साली ती उघड झाली, मदत देणाऱ्या देशांनी हात आखडता घेतला आणि चलन घसरले. तत्कालीन अर्थमंत्र्यांना २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने दोषी ठरविले. उत्तरेच्या काबु देल्गादु प्रांतात समुद्राखाली वायूचे प्रचंड साठे सापडले. त्याच दरिद्री प्रांतात ऑक्टोबर २०१७ पासून सशस्त्र बंडाळी पेटली आणि लाखो लोक बेघर झाले. ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीत दानियेल शापो विजयी घोषित झाले. विरोधी उमेदवार वेनांसियो मोंडलेन यांनी निकाल नाकारला, लोक रस्त्यावर आले आणि त्या अशांततेत शेकडो माणसे मेली. निदर्शकांत स्वातंत्र्यानंतर जन्मलेली तरुण पिढी मोठ्या संख्येने होती. ‘आम्ही तुम्हाला स्वातंत्र्य दिले’ हे वाक्य त्या पिढीपुढे चालत नाही.

शेवटी भाषेविषयी. मोझांबिकने राजभाषा म्हणून पोर्तुगीज ठेवली. अनेक भाषांच्या देशात कोणत्याही एका जमातीची भाषा वरचढ होऊ नये, हे कारण त्यांनी दिले आणि ते खोटे नव्हते. पण स्वातंत्र्याच्या वेळी पोर्तुगीज मातृभाषा असणारे अगदी थोडे होते. २०१७ च्या जनगणनेतही हे प्रमाण साधारण सतरा टक्के भरले. सर्वांत मोठी मातृभाषा उत्तरेची माखुवा आहे. न्यायालय, कचेरी आणि संसद ज्या भाषेत बोलते, ती खेड्यातल्या बाईला समजत नसेल, तर मताचा हक्क मिळूनही राज्य तिच्यापासून दूरच राहते.

मंडळी, हे ग्रंथालय उभे राहिले तेव्हा आपल्याकडेही राज्याची भाषा पोर्तुगीजच होती आणि पुढे छापलेल्या प्रत्येक ओळीवर सेन्सॉरची नजर असे. सरकार आपले नव्हते. पण चार माणसांनी वर्गणी काढून, घटना लिहून, दरवर्षी हिशेब मांडून चालविलेली ही संस्था मात्र आपली होती. येथे कार्यकारिणीला सभेत जाब विचारता येई, मतभेद होत, माणसे रुसत आणि पुन्हा येत. स्वराज्याचा खरा सराव आपण अशा खोल्यांतून केला. मोझांबिकच्या आफ्रिकन माणसाला असा सराव करण्याची संधी पोर्तुगालने मिळू दिली नाही आणि मुक्तीनंतर त्याच्या स्वतःच्या पक्षानेही ती बराच काळ दिली नाही. तेथील आजच्या दुखण्याचे एक मूळ मला येथे दिसते.

म्हणून शताब्दीनिमित्त माझी एक विनंती आहे. ग्रंथालयाने आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतींच्या इतिहासासाठी एक कपाट राखावे. तिकडे गेलेल्या आपल्या माणसांची पत्रे, छायाचित्रे, दाखले ज्यांच्या घरी पेटाऱ्यांत पडून असतील, त्यांनी ते येथे आणून द्यावेत. त्यांत अभिमानाच्या गोष्टी निघतील, तशा संकोचाच्याही निघतील. दोन्ही जपून ठेवाव्यात. गुंगुन्यानाचे अवशेष १९८५ साली त्याच्या देशाला परत मिळाले. आपल्याकडे राहिलेला त्या देशाचा इतिहास परत करणे, निदान नीट लिहून ठेवणे, हे आपले देणे आहे.