गिलाव्याआड काय आहे?



'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. लातूरमध्ये गेली पंचवीस वर्षं मी बांधकामाची कामं घेतो. मोठे पूल, कारखाने हे आमचं क्षेत्र नाही. कुणाचं घर, कुणाचा दुकानाचा गाळा, कुणाचं हॉटेल, अशी गावातलीच कामं. आठ-दहा गवंडी, त्यांच्या हाताखालचे बिगारी, सळई बांधणारे, सेंटरिंगवाले, एवढाच आमचा पसारा. ज्यांची कामं करतो ती माणसं रोज बाजारात भेटतात. काम संपलं तरी संबंध संपत नाही. भिंतीला ओल आली की फोन येतो, आणि तो यायलाच हवा.

आज मला बोलायचं आहे ते इमारतीच्या अशा भागांबद्दल, जे काम पुरं झाल्यावर कुणालाच दिसत नाहीत. फरशी कुठली, रंग कुठला यासाठी मालक चार दुकानं हिंडतात. पाया भरताना, सळई बांधताना मात्र ते बहुधा कामावर नसतात. इमारत टिकते की नाही, हे त्याच दिवसांत ठरतं.

सुरुवात जमिनीपासून करू. आपल्याकडची काळी माती पिकाला चांगली, पण घराला त्रासाची. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. तिच्यावर पाया ठेवला तर तोही तिच्याबरोबर हलतो आणि दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. काळी माती संपून घट्ट मुरूम लागेपर्यंत खोदायचं आणि जोत्यातही मुरूमच भरायचा, हा साधा उपाय. मुरूम कुठे चार फुटांवर लागतो, कुठे दहा फूट गेलं तरी लागत नाही. मग मालक म्हणतात, "साहेब, एवढा पैसा मातीत घालायचा?" मी सांगतो, "हो, इथेच घालायचा. वाटलं तर वरची फरशी थोडी स्वस्तातली घेऊ."

आपल्या जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपले असताना किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर, उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचा जड भार, यांनीच बहुतेकांचा जीव घेतला. त्या भिंती बाहेरून भक्कम दिसत. पण आतल्या दगडांना एकमेकांशी बांधून ठेवणारं काही नव्हतं. म्हणून आजही मी जोत्याच्या आणि लिंटेलच्या पातळीवर सळईचा पट्टा सगळ्या भिंतींवरून अखंड फिरवतो. गिलावा झाला की तो दिसत नाही. पण घर एका मुठीत धरून ठेवतो तो हाच पट्टा.

आता पाण्याविषयी. सिमेंट 'वाळतं' असं आपण म्हणतो, ते खरं नाही. सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होतं. म्हणून माल कालवताना पाणी बेताचं हवं आणि काँक्रीट बसल्यावर भरपूर. लोक नेमकं उलट करतात. माल लवकर पसरावा म्हणून पातळ करतात. आपल्याकडे घरांसाठी नेहमी वापरतात त्या एम-20 काँक्रीटला 50 किलोच्या पोत्यामागे 30 लिटरपेक्षा जास्त पाणी नको, असं भारतीय मानक सांगतं. नंतर साध्या सिमेंटला किमान 7 दिवस आणि फ्लाय अ‍ॅशसारखे घटक मिसळलेल्या सिमेंटला किमान 10 दिवस ओलावा द्यायचा. सध्या दुकानात मिळतं ते बरंचसं सिमेंट या दुसऱ्या प्रकारचं असतं. तरी तिसऱ्या दिवशीच पाइप गुंडाळून ठेवलेला मी अनेक ठिकाणी पाहिला आहे.

2016 चा उन्हाळा आपल्यापैकी कुणी विसरलं नसेल. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पिण्याचं पाणी येऊ लागलं. त्याच वेळी एका शिक्षकांच्या घराचा स्लॅब भरायचा होता. सेंटरिंग लागलेलं, सळई बांधलेली. गुरुजी म्हणाले, "भरून टाका, गोणपाट ओलं करून टाकू, होईल कसंतरी." त्यांचंही खोटं नव्हतं. सेंटरिंगच्या प्लेटांचं भाडं दररोज चढत होतं आणि ते स्वतः भाड्याच्या घरात राहत होते. पण प्यायच्या घागरीसाठी गल्लीत रांगा लागलेल्या असताना स्लॅबवर 10 दिवस पाणी कुठून ओतणार? आणि ओतलं, तर शेजाऱ्यांना तोंड कसं दाखवणार? मी नाही म्हणालो. प्लेटांचं भाडं आम्ही निम्मं निम्मं वाटून घेतलं. पाऊस झाल्यावर गंजलेली सळई तारेच्या ब्रशनं घासली, स्लॅब भरला, वर आळी बांधून पाणी साचवलं. घर उभं राहिलं. मात्र त्या दोन महिन्यांत काम नाही म्हणून माझे काही बिगारी पुण्याकडे गेले, त्यांतले दोघे परत आलेच नाहीत. थांबण्याची खरी किंमत त्यांनी मोजली, याची मला जाणीव आहे.

दुकानांचा प्रश्न वेगळा. आपल्या गंजगोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात आणि तिथे इंचाइंचाला किंमत आहे. दुकानदार म्हणतो, "मधली भिंत काढा, शटर रुंद करा, वर माळा टाका." ती भिंत वरच्या मजल्याचं ओझं पेलते आहे का, हे आधी तपासावं लागतं. खांबाला हात लावायचा नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगतो. कापडाचे गठ्ठे किंवा खताची पोती माळ्यावर चढली की भार कितीतरी वाढतो. दुकान भाड्याचं असलं तरी वर राहणारं कुटुंब तिथेच झोपतं, हे विसरू नये.

हॉटेलांना घाई फार. लातूरला शिकवण्यांसाठी गावोगावची मुलं येतात, त्यामुळे खाणावळ आणि हॉटेल जूनच्या आत सुरू व्हायला हवं असतं. दर्शनी भागावर पैसा सैल सुटतो, स्वयंपाकघरावर हात आखडतो. तिथल्या फरशीला उतार हवा, सांडपाणी गटारात जाण्याआधी तेल-तूप अडवणारा चेंबर हवा, धूर बाहेर नेणारी चिमणी हवी आणि गॅसच्या टाक्या बाहेर, मोकळ्या हवेत हव्यात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाहेर पडायला दुसरी वाट हवी. मुंबईत कमला मिलच्या आवारात 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्री हॉटेलांना आग लागली, 14 जण गेले. त्यांतले बरेच स्वच्छतागृहात अडकून गुदमरले. दुसऱ्या दारापुढे कांद्याची पोती रचलेली दिसली, की मला तीच बातमी आठवते.

मग मालकानं काय करावं? पहिलं, करार कागदावर करा. 'रेरा' कायद्याचा आधार बिल्डरकडून फ्लॅट घेणाऱ्याला मिळतो. आपल्याच जागेवर आपल्यापुरतं घर बांधून घेताना तो कामी येत नाही. तिथे आपला करार हाच आधार. सिमेंट कुठलं, सळई किती, पाणी किती दिवस, गळती निघाली तर कोण दुरुस्त करणार, सगळं लिहून घ्या. दुसरं, पैसे टप्प्याटप्प्यानं द्या आणि प्रत्येक टप्पा झाकण्याआधी स्वतः बघा. पाया भरण्याआधी, स्लॅब टाकण्याआधी, भिंतीतले नळ बुजवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. संडास-बाथरूमची फरशी बसवण्याआधी दोन दिवस पाणी तुंबवून खालून ओल येते का पाहा. आमच्यासारख्या ठेकेदारांना याचा राग येऊ नये. ज्याला येतो, त्याच्याबद्दल थोडा विचार करावा.

आणखी एक. आपल्या घरावर काम करणाऱ्या मजुरांची बांधकाम कामगार मंडळाकडे नोंद आहे का, एवढं ठेकेदाराला विचारा. वर्षभरात 90 दिवस काम केलेल्याला ती करता येते आणि तसा दाखला देणं आमच्याच हातात असतं. मालकानं विचारलं की ठेकेदार तो देतो, हा माझा अनुभव आहे.

यंदा आपल्यापैकी कुणी बांधकाम काढणार असेल, तर रंगाचं पुस्तक चाळण्याआधी एकदा पायाच्या खड्ड्याशी जाऊन उभे राहा आणि विचारा, "मुरूम लागला का?"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)